विषय: नवचंडी होमानंतर उरलेले पायस, कोहळा आणि रक्षा

सर्व सदस्यांस सप्रेम नमस्कार.

शनिवारच्या नवचंडी (दुर्गासप्तशतीच्या नऊ पाठांच्या) होमातील उरलेले पायस, बलीसाठी कापलेला कोहळा, कलशाखालचे तांदूळ, नारळ आणि कुंडातील रक्षा माझ्या गॅरेजमध्ये आहे. गुरुजी परगावी गेले. काही जण नदीत सोडा म्हणतात, काही कचऱ्यात टाका म्हणतात. माझे मन दोन्हींना तयार होत नाही. जाणत्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

सचिव

*

ताई, सप्रेम नमस्कार.

माझे वडील याज्ञिकी करीत आणि होमानंतरची आवराआवर माझ्याकडे असे, म्हणून लिहितो. उरलेले सगळे एका टोपलीत भरू नये, कारण प्रत्येकाची वाट वेगळी आहे. अग्नीत न गेलेले पायस हे हुतशेष, म्हणजे प्रसादच. श्रौत इष्टीत, म्हणजे वैदिक यज्ञातसुद्धा पुरोडाशाचा (पिठाच्या भाजलेल्या हविर्द्रव्याचा) थोडाच भाग अग्नीत जातो आणि उरलेल्यातून काढलेली इडा, म्हणजे प्रसादाचा वाटा, ऋत्विज (पुरोहित) व यजमान भक्षण करतात. त्यामुळे पायस त्याच दिवशी पंगतीत वाढायला हवे होते. आता ते आंबले असेल, तर मातीत पुरावे. तांदूळ आणि नारळ मात्र घरच्या स्वयंपाकात निःशंकपणे वापरावेत.

कोहळा खायचा नाही. तो पशुबळीच्या जागी आलेला आहे. गावाकडे कुंकू माखलेली त्याची शकले, उडीद, दहीभात आणि कणकेचा दिवा यांसह तिन्हीसांजेला तिठ्यावर ठेवतात. ठेवणारा मागे न पाहता परततो आणि पाय धुऊन घरात येतो. इथे रस्त्यावर असे काही ठेवले, तर शेजारी घाबरतील. परसाच्या कोपऱ्यात झाडाच्या मुळाशी ठेवावे. बली भूतमात्रांसाठी असतो, तेव्हा पाखरांनी आणि खारींनी तो खाल्ला, तर तो पोहोचलाच असे मी मानतो. पाय मात्र धुवावेत.

रक्षेबद्दल सर्वांत जास्त काळजी घ्यावी. वरून राख गार लागते, पण पोटात निखारे काही दिवससुद्धा जिवंत राहू शकतात. काही वर्षांपूर्वी एका सभागृहात होमाची राख प्लॅस्टिकच्या पिंपात ओतली गेली आणि मध्यरात्री पिंपाचे झाकण वितळून खाली लोंबत होते. राख पूर्ण थंड झाली, की चाळून घ्यावी. पूर्णाहुतीतील काळवंडलेली नाणी, जळक्या सुपाऱ्या आणि करवंटीचे तुकडे चाळणीत वर राहतात. वस्त्रगाळ रक्षेची पुडी प्रत्येक यजमान कुटुंबास विभूती म्हणून द्यावी. तुपात कालवून ती कपाळ, कंठ, खांदे आणि हृदय येथे लावतात. उरलेली झाडांच्या आळ्यात पातळ पसरावी. राख क्षारधर्मी असल्याने अझेलिया आणि ब्लूबेरी यांना मात्र ती मानवत नाही.

नदीचा आग्रह मला पटत नाही. वाहत्या पाण्यात सोडण्यामागे हे द्रव्य पायदळी येऊ नये हाच भाव होता आणि तो मातीतही पाळता येतो. पुण्यात गणेशोत्सवात निर्माल्य नदीत पडू नये म्हणून घाटांवर निर्माल्य कलश ठेवतात, आणि तेही नदीकाठीच राहणाऱ्यांसाठी!

मी रविवारी सकाळी चाळणी आणि झाकणाचा पत्र्याचा डबा घेऊन येतो. तोवर रक्षेचे पात्र लाकडी फळीवर असल्यास तिथून काढून फरशीवर ठेवावे, ही विनंती.

आपला,
एक जुना सदस्य