टागाक कर्लींमुळे नुनावुतच्या शाळा बिघडल्या? अजिबात नाही

विनिपेगकर
परवा इथे रोखठोक यांनी लिहिलं की टागाक कर्ली माणूस मोठा, पण "शाळा गावाच्या हातात द्या" हा त्यांचा हट्ट नुनावुतला (कॅनडाच्या उत्तरेकडचा, तिथल्या मूळ रहिवासी इनुइटांचा प्रदेश) महागात पडला, पोरं ना धड इंग्रजी शिकली ना धड इनुक्टिटूट, म्हणजे इनुइटांची भाषा. वाचल्यापासून डोक्यात जातंय ते, म्हणून सविस्तर लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

कर्ली कोरल हार्बरकडचे, जन्म 1944. 1971 ला इनुइटांची देशपातळीवरची संघटना उभी राहिली, तिचे हे पहिले अध्यक्ष. 1979 ला नॉर्थवेस्ट टेरिटरीजच्या विधानसभेत आले (नुनावुत तेव्हा त्यातच होतं; तिथे पक्षबिक्ष नसतात, सगळे अपक्ष आणि सहमतीने कारभार) आणि शिक्षणावर जी खास समिती नेमली तिचे सहअध्यक्ष झाले, दुसरे ब्रूस मॅक्लॉफलिन. समिती राजधानी यलोनाइफला बसून राहिली नाही, गावोगाव जाऊन आईबापांचं ऐकलं. 1982 चा त्यांचा अहवाल म्हणतो की कारभार विभागीय शिक्षण मंडळांकडे द्या, मंडळावर गावांनी पाठवलेले लोक बसवा, लहान पोरांना त्यांच्या भाषेत शिकवा आणि शिक्षक इथलेच तयार करा. यात हट्ट कुठे आला?

त्याआधी काय होतं तेही सांगा ना. चेस्टरफील्ड इनलेटचं वसतिगृह, जिथे पोरांना आईबापांपासून तोडून ठेवायचे, 1955 ते 1969 चाललं. पुढे आमदार आणि नुनावुतचे कमिशनर झालेले पीटा इर्निक, त्यांना 1958 ला तिथे नेलं, जेमतेम 11 वर्षांचं पोर. असं ज्यांच्या घरात घडलं ते लोक "शाळा आमच्या हातात द्या" म्हणाले तर बिघडलं कुठे?

आणि मुख्य मुद्दा. बाफिन विभागाचं मंडळ 1985 ला सुरू झालं, बाकीची त्यानंतर. 1999 ला नुनावुत वेगळं झालं आणि 2000 मध्ये त्याच नव्या सरकारने तिथली तिन्ही मंडळं बंद करून टाकली. म्हणजे जास्तीत जास्त 15 वर्षं मिळाली या कल्पनेला, आणि अपयशाचं खापर मात्र कर्लींच्या डोक्यावर!

रोखठोक
भावना समजल्या, आता आकडा घ्या. माजी न्यायाधीश थॉमस बर्जर यांचा नुनावुतवरचा 2006 चा अहवाल, 100 पैकी 25 च मुलं बारावी पूर्ण करतात. 1982 नंतर जवळपास पाव शतकाने ही अवस्था. वसतिगृहांचा अन्याय मी कधी नाकारला? पण अन्याय झाला म्हणून पुढचा उपाय आपोआप बरोबर ठरत नाही.

माझा मेहुणा तिकडे एका खाणीच्या भरतीत काम करायचा. इलेक्ट्रिशियनच्या अप्रेंटिसशिपला गावातली हुशार पोरं यायची, हातात कसब असायचं, स्नोमोबाइलचं इंजिन डोळे मिटून खोलतील अशी, आणि गणिताच्या परीक्षेत अडकायची. दाखला बारावीचा, गणित सातवी-आठवीचं. त्याला फार वाईट वाटायचं. ही पोरं कोणी फसवली? गावच्या समितीनेच ना? आणि गावात समिती म्हणजे काय असतं ते आपल्याला चांगलं माहितीये, निवडून आलेला माणूस आधी भाच्याला चिकटवतो.

विनिपेगकर
बर्जर पूर्ण वाचा हो, तुमच्याच विरोधात जातो तो. त्यांचं म्हणणं असं की पोरं तिसरीपर्यंत इनुक्टिटूटमध्ये शिकतात आणि चौथीत एकदम इंग्रजीत ढकलली जातात, त्यामुळे दोन्हीकडून राहतात. उपाय काय सांगितला? वरपर्यंत द्विभाषिक शिक्षण, आणि त्यासाठी ओटावाने, म्हणजे केंद्र सरकारने, जादा पैसे द्यावेत. गावाकडून शाळा काढून घ्या असं नाही म्हटलेलं. आणि 2006 मध्ये मंडळं बंद होऊन सहा वर्षं झाली होती! तो 25 चा आकडा मंडळांच्या नावावर कसा टाकता?

रोखठोक
बारावीला पोहोचायला 12 वर्षं लागतात साहेब. 2006 ला शाळा संपवणारं पोर पहिलीत गेलं तेव्हा तुमची मंडळंच होती.

खडू_फळा
मी बोलू का, कारण इथे बोलणाऱ्यांपैकी तिकडे शिकवलेली बहुतेक मी एकटीच. नुनावुतच्या किवालिक भागातल्या एका शाळेत होते, नाव नको. तुम्ही दोघं मंडळ मंडळ करताय, पण वर्गात शिक्षकच टिकत नव्हते. ख्रिसमसला दक्षिणेत गेलेला माणूस जानेवारीत परतायचाच नाही. एका वर्गाने एका वर्षात तीन शिक्षक बघितले, चौथ्याच्या वेळी पोरांनी त्याचं नाव लक्षात ठेवायचेही कष्ट घेतले नाहीत. गणित कच्चं राहील नाहीतर काय होईल?

आणि समितीबद्दल. आमच्या गावच्या शिक्षण समितीने शाळेचं कॅलेंडर बदललं, तो अधिकार त्यांना होता. मे महिन्यात तिकडे रात्री अकराला उजेड असतो, बर्फ अजून घट्ट, सगळं गाव मासेमारीला आणि गीझ (रानहंस) मारायला बाहेर, वर्ग रिकामे. वर्ष आधी सुरू करून आधी संपवलं, हजेरी सुधारली. त्याच समितीने एका आजींना शाळेत आणलं. वर्गात फरशीवर पुठ्ठे पसरून त्यावर अख्खा सील ठेवला आणि आजींनी उलूने (तिकडची अर्धगोल सुरी) कातडं आणि चरबी कशी वेगळी करायची ते दाखवलं. एरवी बाकावर डोकं टेकून झोपणारी आठवीची पोरं गुडघ्यावर बसून पुढे सरकत होती, आजी एका शब्दाने रागावत नव्हत्या, चुकीच्या ठिकाणी सुरी गेली की फक्त मनगट धरून फिरवायच्या. भाच्याला चिकटवण्याबद्दल म्हणाल तर मी आमच्या समितीत तसं बघितलं नाही.

रोखठोक
आजींचा अनुभव सुंदर आहे, मनापासून. पण त्याने अप्रेंटिसशिपची परीक्षा पास होत नाही. आणि शिक्षक टिकत नाहीत म्हणता, का टिकत नाहीत? पगार चांगला, उत्तरेचा भत्ता, वर सवलतीच्या भाड्याचं घर. टोरांटोत नवीन शिक्षकाला तळघराचं भाडं परवडत नाही. एवढं मिळूनही जानेवारीत पळून जायचं आणि दोष सिस्टिमला द्यायचा.

खडू_फळा
पळून?? मी पळाले नाही, आईच्या आजारपणामुळे आले, आणि तुम्हाला तिथला एक फेब्रुवारी काढून दाखवा म्हणावंसं वाटतंय. ब्लिझर्डमध्ये तीन तीन दिवस विमान नाही, दुकानात दूध नाही, हीटर बंद पडला तर दुरुस्तीला माणूस दुसऱ्या गावातून यायचा. घर मिळतं म्हणजे उपकार नाहीत, त्या गावात भाड्याने घेण्यासारखं दुसरं घरच नसतं!

आडवाट
ताई, तुमचा राग समजतो पण घराच्या बाबतीत रोखठोक यांचं अर्धं बरोबर आहे आणि अर्ध्यावर कोणी बोलतच नाहीये. घर बाहेरून आलेल्याला मिळतं. गावातलीच बाई शिक्षिका झाली तर तिच्याबद्दल गृहीत धरतात की तुझं घर आहेच इथे. मी यलोनाइफला असताना इनुइट मैत्रीण होती, शिक्षक प्रशिक्षण पूर्ण केलं, गावी परत गेली आणि आईवडील, दोन भाऊ, त्यांची बायकापोरं अशा दोन बेडरूमच्या सरकारी घरात राहून वह्या तपासायची, तेही बाथरूममध्ये बसून, कारण दार लागणारी तेवढीच खोली. दोन वर्षांनी शाळा सोडून सरकारी ऑफिसात लागली, तिथे घर मिळालं. स्थानिक शिक्षक तयार होत नाहीत म्हणून सगळे ओरडतात, तयार झालेली अशी हातची घालवतात.

खडू_फळा
हे मात्र खरं आहे. माझ्या वर्गातली सहायक शिक्षिका माझ्यापेक्षा दसपट चांगली शिकवायची आणि तिला घर नव्हतं, मला एकटीला दोन खोल्या. मी तेव्हाही बोलले होते, पण यादी वरून यायची.

झेडपीचा_गुरुजी
मध्येच बोलतो. आपल्याकडे 2009 च्या कायद्याने शाळा व्यवस्थापन समित्या झाल्या, पालक 75 टक्के. मी हेडमास्तर होतो. महिन्याची मीटिंग म्हणजे रजिस्टरवर सह्या, मजूर आईबाप रोज बुडवून कुठून येणार. अधिकार कागदावर, पैसा जिल्ह्याला. त्यामुळे गावाच्या हाती शाळा हे वाक्य ऐकलं की मला शंकाच येते.

विनिपेगकर
गुरुजी, मान देऊन सांगतो, ही तुलना लागू होत नाही. 1982 ची कल्पना सह्यांच्या समितीची नव्हतीच. मंडळाकडे बजेट, मंडळ शिक्षक नेमणार, मंडळाने अभ्यासक्रमात हात घालायचा. बाफिन मंडळाने 1989 ला स्वतःचा अभ्यासक्रम आराखडा आणला, इनुइट संकल्पनांभोवती बांधलेला. तुम्ही म्हणता तसलं कागदी प्रकरण झालं ते 2000 नंतर, मंडळं गेली, खाली गावसमित्या राहिल्या आणि निर्णय मंत्रालयात.

झेडपीचा_गुरुजी
मग पैसा मंडळाकडे होता हे आधी लिहायचं होतं. तसं असेल तर वेगळी गोष्ट आहे.

रोखठोक
एक सरळ प्रश्न. कर्ली 2004 ला रँकिन इनलेट नॉर्थमधून नुनावुतच्या विधानसभेत परत आले. 2008 ला प्रीमियरपदासाठी उभे राहिले, एवा आरिआक जिंकल्या, पण त्यांच्या मंत्रिमंडळात कर्ली होते. तेव्हा का नाही आणली मंडळं परत? स्वतःची कल्पना, स्वतःचं सरकार.

विनिपेगकर
प्रश्न रास्त आहे. त्यांच्याकडे खातं आरोग्याचं होतं, आणि पक्ष नसलेल्या विधानसभेत एकटा मंत्री खिशातून बहुमत काढू शकत नाही. तोपर्यंत 2008 चा शिक्षण कायदा झाला होता, त्यात 2019 पर्यंत बालवाडी ते बारावी द्विभाषिक असं वचन होतं, सगळ्यांचं लक्ष तिकडे. 2013 लाच ऑडिटर जनरलनी सांगितलं की हे वेळेत होणार नाही. 2017 ला सरकारने दुरुस्तीचं बिल आणलं, आमदारांच्या समितीनेच अडवलं. मग 2020 ला दुसरं बिल मंजूर झालं, मुदत ढकलली 2039 वर आणि गावसमित्यांचे अधिकार अजून कमी केले. 2021 मध्ये इनुइटांची संस्था नुनावुत टुंगाविक कोर्टात गेली. आता सांगा, हट्ट कुणाचा होता?

आडवाट
2039 म्हणजे 2008 मध्ये जन्मलेलं मूल तेव्हा 31 वर्षांचं. त्याच्या पोरांना मिळेल कदाचित.

रोखठोक
ठीक आहे. मंडळं 2000 मध्ये बंद केली तो निर्णय घाईचा होता आणि त्याचं बिल कर्लींच्या नावावर फाडणं चूक, एवढं मान्य. पण गणिताचं काय ते कोणीही अजून सांगितलेलं नाही. मेहुण्याच्या टेबलासमोर बसलेल्या पोराला मंडळ होतं की मंत्रालय याने फरक पडत नव्हता.

खडू_फळा
फरक पडला असता, त्याच्या वर्गात आडवाट यांची ती मैत्रीण टिकली असती तर. 1979 पासून नुनावुतच्या राजधानीत, इकालुइतला, शिक्षक तयार करतायत, पुढे मॅकगिल विद्यापीठाची पदवीही जोडली गेली, म्हणजे माणसं आहेत. त्या मुलीला एक घर द्यायला पाहिजे होतं, आणि ते कुणाला द्यायचं हे ठरवायला तिच्या गावातला कुणीतरी त्या टेबलावर हवा होता. मी तरी एवढ्यासाठीच कर्लींच्या बाजूने आहे.