ऑस्करला लपायची गरज पडत नाही

कोणीतरी म्हटलंय की फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळातल्या 'रोझ ऑफ व्हर्साय' या जपानी ॲनिमे (कार्टून) मालिकेतली ऑस्कर म्हणजे जपानी चित्रकथाकार ओसामू तेझुकांच्या 'प्रिन्सेस नाइट'मधल्या राजकन्या सफायरचीच पुढची आवृत्ती. घराणं एकच, मान्य. पण एक मोठा फरक सुटतोय. सफायरला (ॲनिमे १९६७) राजपुत्र म्हणून वावरावं लागतं, कारण मुलीला गादी नाही. गुपित फुटलं की खेळ खलास, आणि खलनायक ड्यूक ड्युरॅल्युमिन टपूनच बसलेला. ऑस्करला बापाने मुलगा म्हणून वाढवलं खरं, पण ती बाई आहे हे अख्ख्या दरबाराला ठाऊक असतं. तरी राजरक्षक दलाचा गणवेश तिचा, हुकूमही तिचाच. (पुढे फ्रेंच गार्ड्स या लष्करी तुकडीचे शिपाई बाईचं ऐकायला साफ नकार देतात, तो भाग चुकवू नका.)

गंमत बघा, जिच्यावर तिचं प्रेम आहे त्या स्वीडिश सरदार फर्सनसाठी ती गाऊन घालून नाचायला जाते, आणि ओळख लपवते ती नेमकी तेव्हा, बायकी कपड्यांत!

'रोझ ऑफ व्हर्साय'च्या १९७९-८० च्या ४० भागांत मध्येच दिग्दर्शक बदलले. नागाहामांनंतर देझाकी आले आणि मालिकेचा रंगच गडद झाला. बास्तीय या पॅरिसच्या तुरुंग-किल्ल्यावरच्या हल्ल्याचे भाग तर अंगावर येतात. शक्यतो जपानी आवाजातच बघा.