सल्ला हवा: मार्चएंडच्या आत लॅपटॉपला एसएसडी टाकू की रॅम?

हिशेबनीस_सांगली:
नमस्कार मंडळी. मी घरूनच सात-आठ दुकानांचे हिशेब लिहिते. लॅपटॉप २०१९चा: आठव्या पिढीचा आय५, ४ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क, विंडोज १०. सकाळी बटण दाबून देवपूजा उरकून येते तरी ते गोल फिरतच असतं. टॅली, एक्सेल आणि जीएसटी पोर्टल एकदम उघडलं की माऊससुद्धा थिजतो. खर्चाची तयारी पाच-सहा हजारांची. दुकानदार म्हणतो रॅम टाका, भाचा म्हणतो हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे चिपांची वेगवान डिस्क. नवा लॅपटॉप यंदा नाही, लेकीची फी आहे. काय करू?

रिकामटेकडा:
डोळे झाकून एसएसडी. पुढचा प्रश्न?

तिरपा स्क्रू:
डोळे उघडे ठेवून करूया, पैसे ताईंचे आहेत. ताई, रोजची सगळी कामं उघडी ठेवा आणि कंट्रोल-शिफ्ट-एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर येईल, त्यात परफॉर्मन्स. मेमरी किती टक्के, ‘कमिटेड’खालचे आकडे, ‘स्लॉट्स यूज्ड’ आणि डिस्क किती टक्के, एवढं इथे लिहा.

हिशेबनीस_सांगली:
मेमरी ९३ टक्के. कमिटेड ७.४/९.९. स्लॉट्स २ पैकी १. डिस्क १०० टक्के, तिथून हलतच नाही. म्हणजे दोष डिस्कचाच ना?

माळ्यावरचा डबा:
इथेच तर फसायला होतं! कमिटेड ७.४ म्हणजे तुमच्या प्रोग्रॅमांनी मिळून साधारण तेवढी जागा मागून ठेवलीय, आणि रॅम ४ जीबी. मावत नाही ते विंडोज डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये सरकवतं आणि लागलं की परत आणतं. ते १०० टक्के बरेचसे या ने-आणीचेच असणार. ओटा वीतभर, म्हणून दर फोडणीला मोहरीचा डबा माळ्यावरून काढायचा आणि परत वर ठेवायचा. आधी ओटा वाढवा. माझं मत रॅमला.

तिरपा स्क्रू:
निदान पटलं, औषधाचा क्रम नाही पटला. ताईंचा माळा शिडी लावून चढायचा आहे. त्या काळच्या लॅपटॉपांतल्या हार्ड डिस्क बहुतेक मिनिटाला ५४०० फेऱ्यांच्या, म्हणजे एका फेरीला ११ मिलिसेकंद. हवा तो तुकडा सापडायला सरासरी अर्धी फेरी, वर हेड सरकायचा वेळ वेगळा. असे विखुरलेले तुकडे सेकंदाला शंभरसुद्धा धड वाचून होत नाहीत. साध्यातली साधी साटा (हार्ड डिस्कच्याच जोडणीची) एसएसडी हेच काम सेकंदाला हजारोंनी करते. त्यामुळे एसएसडी आली की रॅम तोकडी असली तरी ती ने-आण सोसवते. उलट नुसती रॅम वाढवली तर एकदा उघडलेलं एक्सेल पळेल, पण सकाळची पूजा तेवढीच लांबेल. विंडोज सुरू होताना सगळं डिस्कवरूनच यायचं असतं.

ज्यांच्याकडे एसएसडी आधीच आहे आणि कमिटेडचा आकडा रॅमच्या दुप्पट दिसतोय, त्यांनी मात्र गुपचूप रॅम घ्या. माझं नाव सांगून आणखी वेगवान एसएसडी आणू नका.

माळ्यावरचा डबा:
बरं, शिडीचा मुद्दा मान्य. पण ४ जीबीवर विंडोज ११ टाकायला सांगाल तर मी पुन्हा भांडणार.

लॅमिंग्टनचा वारकरी:
भांडू नका, दोन्ही बसतंय का बघू. एआयच्या डेटा सेंटरांनी चिपा उचलायला सुरुवात केल्यापासून रॅमचे भाव डोक्यावर गेलेत. २०२५ संपताना तर कळसच झाला. चिपा बनवणाऱ्या मायक्रॉनने त्याच डिसेंबरात ‘क्रुशल’ हा आपला किरकोळ विक्रीचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. एसएसडीही महागल्यात. म्हणून नवी रॅम या बजेटात विसरा, वापरलेली पट्टी घ्या. रॅम लिहून लिहून झिजत नाही. एक स्लॉट रिकामाच आहे. फक्त आधीच्या पट्टीवरचं लेबल बघा: या पिढीत ती बहुधा डीडीआर४ असते, लॅपटॉपची आखूड, २६० पिनांची. ३२००ची मिळाली तरी हरकत नाही, तुमच्या मशीनवर बहुधा २४००ने चालेल. खाच जुळत नसेल तर ती डीडीआर३ आहे, जोर लावू नका. बसवली की रात्रभर मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर लावून ठेवा, एक जरी चूक दिसली तरी सकाळी पट्टी परत.

एसएसडी मात्र नवीच. वापरलेली किती झिजली आहे हे विकणाऱ्याला विचारून उपयोग नाही. आणि एनव्हीएमई जातीच्या एसएसडीच्या ‘सेकंदाला साडेतीन हजार एमबी स्पीड’च्या गप्पांना भुलू नका. साटाला साडेपाचशेच मिळतात, पण टॅली उघडताना दोघींतला फरक तुमच्या हाताला कळणार नाही. हार्ड डिस्कच्याच जागी बसणारी अडीच इंची घ्या म्हणजे एसएसडीचा स्लॉट कुठल्या जातीचा ही भानगडच नको.

रिकामटेकडा:
एक राहिलंच. डिस्क सात वर्षांची आहे. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं, डिस्कची तब्येत सांगणारं फुकट सॉफ्टवेअर चालवा, निळं दिसतंय की पिवळं ते सांगा.

हिशेबनीस_सांगली:
पिवळं. ‘कॉशन’ लिहिलंय. खाली ‘करंट पेंडिंग सेक्टर’च्या ओळीलाही पिवळा ठिपका. हे वाईट आहे का?

तिरपा स्क्रू:
वाईट आहे, पण वेळेत कळलं. या ओळीचा अर्थ, डिस्कच्या काही जागा तिला स्वतःलाच नीट वाचता येत नाहीयेत. आता एसएसडी की रॅम हा वाद संपला. पट्टी नंतर घेतली तरी चालेल, डिस्क बदलावीच लागेल. आज रात्रीच टॅलीच्या डेटाचा फोल्डर आणि एक्सेलच्या फाइली दोन वेगळ्या जागी उतरवा, आणि त्यातली एक फाइल उघडून बघा.

भाचा क्लोन करूया म्हणेल, म्हणजे जुन्या डिस्कची एसएसडीवर हुबेहूब नक्कल. नको. क्लोन करताना अख्खी डिस्क वाचली जाते आणि या अवस्थेत तिला ते झेपेलच असं नाही. एसएसडीवर विंडोज ११ कोरं टाका, आठवी पिढी त्यात बसते. विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५लाच संपलाय. आणि जुन्या विंडोजमध्ये असतानाच टॅलीचं लायसन्स सरेंडर करा, म्हणजे तिथून सोडवून घ्या. हे विसरून भर मार्चमध्ये हेल्पलाइनवर ताटकळलेले लोक मी पाहिलेत (आरशात).

लॅमिंग्टनचा वारकरी:
डीएससीच्या (डिजिटल सहीच्या) टोकनचा ड्रायव्हरही आधीच उतरवून ठेवा. रिटर्नच्या शेवटच्या दिवशी सही चालेना म्हणून रडू नका.

हिशेबनीस_सांगली:
नऊ दिवसांनी लिहितेय. भाच्याने उघडला, बॅटरीची पिन आधी काढली. ५१२ जीबीची नवी साटा एसएसडी आणि ४ जीबीची वापरलेली पट्टी, बजेटपेक्षा चारशे रुपये जास्त गेले. मेमटेस्ट स्वच्छ. सगळं उघडून मेमरी ७८ टक्के, डिस्क एक-दोन टक्क्यांवर झोपलेली. निरांजन लावायच्या आत लॅपटॉप तयार असतो. जुन्या डिस्कवरच्या दोन एक्सेल फाइली मात्र कॉपी झाल्याच नाहीत, त्या दुकानांकडून बिलं परत मागवली.

आता भाचा म्हणतो, जुनी डिस्क केसिंगमध्ये घालून बॅकअपला वापर.

रिकामटेकडा:
भाच्याला आधी त्या दोन दुकानांची बिलं टाइप करायला बसवा. मग विचारा.