अलीकडचे मल्याळम सिनेमे: सासूबाईंबरोबर कोणते बघावेत? (मदत हवी आहे)

मंडळी, मल्याळम सिनेमे नेमाने बघणाऱ्यांची मदत हवी आहे.

शनिवारी रात्री जेवणं आटोपली की मी आणि सासूबाई मिळून सिनेमा बघतो. अलीकडे त्यात मल्याळमच जास्त होतात. अडचण एकच आहे. सासूबाई मराठी पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात, हिंदी त्यांना उत्तम कळतं, पण इंग्रजी सबटायटलची एक ओळ लावेपर्यंत पुढची आलेली असते. म्हणून रिमोट माझ्या हातात असतो आणि अडेल तिथे थांबवून मी मराठीत सांगते. काही सिनेमांत हे छान जमतं, काहींत रसभंग होतो. तर २०२४-२५ मध्ये आलेल्या सिनेमांपैकी कोणते असे बघता येतील आणि कोणत्यांचं हिंदी डबिंग कानाला बरं वाटतं, ते सांगा.

आमची आवड कळावी म्हणून काय काय झालंय ते लिहिते.

सगळ्यात लागला तो 'उळ्ळोळुक्कु' (२०२४, दिग्दर्शक ख्रिस्टो टॉमी). केरळातल्या कुट्टनाडातलं घर, चहूकडे पुराचं पाणी, घरातला मुलगा गेलेला, आणि पाणी ओसरल्याशिवाय दफन करता येत नाही. तोवर सासू आणि सून एकाच छपराखाली, आणि मनात दाबून ठेवलेलं दोघींकडेही. आम्हीही सासू-सुनाच, त्यामुळे सुरुवातीला मी जरा सावरूनच सांगत होते. एका प्रसंगात मी थांबवायला गेले तर सासूबाईंनी हातानेच खूण केली, "राहू दे, कळतंय मला." आणि खरंच कळत होतं. सासू झालेली उर्वशी समोरच्याकडे नुसती बघते आणि तिला किती समजलंय ते आपल्यापर्यंत पोचतं. सून झालेली पार्वती तिच्यासमोर तेवढ्याच ताकदीने उभी आहे. उर्वशीला या कामासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पण सहाय्यक अभिनेत्रीचा. मला ते पटलेलं नाही. तो सिनेमा त्या दोघींचा आहे, त्यात सहाय्यक कोणीच नाही. संपल्यावर आम्ही बराच वेळ बोलत बसलो, सुनेचं चुकलं का यावर. सासूबाई सुनेच्या बाजूने होत्या.

'किष्किंधा कांडम' (२०२४) मला स्वतःला फार आवडला. निवडणूक जाहीर झाली की परवान्याची शस्त्रं जमा करावी लागतात आणि नेमकं तेव्हाच कळतं की निवृत्त लष्करी म्हाताऱ्याचं पिस्तूल जागेवर नाही. घर जंगलाला लागून, आसपास माकडं, नातू आधीच बेपत्ता, म्हाताऱ्याला विसरायला होतं आणि ते तो कोणाला कळू देत नाही. नवी सून घरात येते आणि एकेक गोष्ट तिच्या नजरेला पडत जाते. विजयराघवन यांनी तो म्हातारा असा उभा केलाय की त्याचा राग येतो आणि पोटात तुटतंही. पण हा सिनेमा थांबवत थांबवत बघायचा नाही. कोणी काय कधी म्हटलं यावर सगळं अवलंबून आहे. माझं सांगणं संपेपर्यंत आधीचा धागा सुटायचा, आणि मध्यंतरानंतर सासूबाई माझ्यासाठी म्हणून बसल्या होत्या.

'ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट'ला रिमोट जवळजवळ लागलाच नाही. पायल कपाडिया यांच्या या सिनेमाला २०२४ मध्ये कान चित्रपट महोत्सवात ग्रां प्री, म्हणजे तिथला दुसऱ्या क्रमांकाचा पुरस्कार, मिळालं. मुंबईतल्या मल्याळी परिचारिका मल्याळम बोलतात, पण हिंदी आणि मराठीही भरपूर आहे. छाया कदम यांची पार्वती रुग्णालयात स्वयंपाकाला आहे. गिरणी कामगार नवरा गेला, राहत्या खोलीचे कागद हाती नाहीत, बिल्डर मागे लागलेला, शेवटी ती रत्नागिरीकडे आपल्या गावी निघते. सासूबाईंच्या माहेरी गिरणीत काम केलेली माणसं होती, त्यामुळे कागदांचा भाग त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. जर्मनीहून आलेला राइस कुकर त्यातली परिचारिका प्रभा रात्री कवटाळून बसते, तिथे त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

'भ्रमयुगम'ही झाला. कृष्णधवल चित्रण आणि मामूट्टी, एवढ्यावर त्या शेवटपर्यंत बसल्या. 'लोका' हा सुपरहिरोचा सिनेमा मुलांनी थिएटरमध्ये हिंदीत पाहिला, त्यांना आवडला. आम्हा दोघींना सध्या तसलं नकोय. 'कळमकावल'ची तारीफ ऐकली आहे, पण बायकांचे खून करणाऱ्या माणसाची गोष्ट शनिवारी रात्री त्यांच्यासोबत बघवणार नाही.

आता प्रश्न.

'हृदयपूर्वम' (२०२५) सासूबाईंना पुण्यासाठी बघायचा आहे. मोहनलालला ज्यांचं हृदय बसवलेलं असतं त्या कर्नलच्या मुलीच्या साखरपुड्यासाठी तो पुण्याला येतो, एवढं मला माहीत आहे. त्याचे दिग्दर्शक सत्यन अंतिक्काड यांचे जुने सिनेमे मला आवडतात. ज्यांनी पाहिलाय त्यांनी सांगा, पुणं त्यात खरंच वावरतं की नुसतं दिसतं?

'फेमिनिची फातिमा' केरळातल्या पोन्नानीतल्या एका गृहिणीची गोष्ट आहे, जिला फक्त झोपायला नवी गादी हवी आहे. विषय ऐकूनच मी अर्धी जिंकले गेले. यात बोलणं किती आहे? घरातलं साधं बोलणं असेल तर माझं सांगणं पुरेल.

'एको'चे लेखक-दिग्दर्शक 'किष्किंधा'चेच, बाहुल रमेश आणि दिंजित अय्यतन. तो मी एकटीने बघावा हे बरं का?

आणि 'पोनमान' (२०२५). लग्नाआधी मुलीकडच्यांना उधारीवर सोनं पुरवणारा एजंट, आहेराच्या पैशांतून वसुली होईल असा हिशेब. पैसे कमी पडतात आणि सोनं मुलीच्या अंगावर सासरी जातं. हुंड्यावर इतक्या वेगळ्या बाजूने जाणारी गोष्ट मी ऐकली नव्हती. सासूबाईंना ही गोष्ट भिडेल याची खात्री आहे, पण सिनेमा बडबडा आहे म्हणतात, म्हणून डबिंग हवं.

डबिंगबद्दल एवढा आग्रह का, तर एका सिनेमाचं हिंदी लावलं होतं आणि सगळी पात्रं बातम्या वाचल्यासारखी बोलत होती. रडणंसुद्धा एकाच पट्टीत. दहा मिनिटांत सासूबाईच म्हणाल्या, "मूळचंच लाव, तू सांग."

मराठी सबटायटल्स कुठे अधिकृतपणे मिळत असतील तर तेही कळवा. ती मोठ्या अक्षरांत असतील तर सगळाच प्रश्न सुटेल.

कृपया शेवट फोडू नका, आणि कोणी किती कोटी कमावले तेही नको.

भर: प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. बऱ्याच जणांनी 'मंजुम्मेल बॉइज' सुचवलाय. मी तो पाहिलाय आणि सासूबाईंना दाखवायचाच आहे. खड्ड्यात पडलेल्या मित्रासाठी दोर बांधून उतरणारा मित्र कोणत्याही भाषेत कळेल. पण केरळची मुलं कोडाईकनालला तमिळ माणसांसमोर मदत मागतात, पोलिसांचा मार खातात, तिथे दोन भाषांमधलं अंतर फार महत्त्वाचं आहे. हिंदी आवृत्तीत स्थानिक लोक तमिळच बोलतात, की सगळेच हिंदी? तमिळ राखलं असेल तर हिंदीच लावेन.

येत्या शनिवारी 'पोनमान' लावायचं घाटतंय. त्याचं हिंदी कोणी ऐकलं असेल तर शुक्रवारपर्यंत जरूर लिहा.