सिम नसलेला जुना फोन, फक्त वायफायवर: तुमचे अनुभव लिहा

घरटी दोन तरी जुने फोन ड्रॉवरमध्ये पडून असतात, विकायला गेलं तर कोणी धड भाव देत नाही आणि टाकवतही नाहीत. दिवाळीच्या साफसफाईत माझा २०१८ चा फोन सापडला, म्हटलं सासूबाईंना भजनं ऐकायला देऊ, घरात वायफाय आहेच, वेगळं सिम आणि त्याचा दर महिन्याचा रिचार्ज कशाला. चार्ज केला, वायफाय लागलं, पण एकही पान उघडेना, जिथे जावं तिथे लाल खूण आणि साइट सुरक्षित नाही म्हणून सूचना. अर्धा तास राउटर बंद-चालू करण्यात गेला. मग वर तारखेकडे लक्ष गेलं तर १ जानेवारी १९७०! बॅटरी पार उतरून गेली होती त्यामुळे घड्याळ अगदी सुरुवातीच्या तारखेवर गेलेलं, सिम नाही म्हणून टॉवरकडून वेळ मिळत नाही आणि आपोआप वेळ घ्यायचं सेटिंग मीच कधीतरी बंद केलेलं. साइटचं सर्टिफिकेट तारखेवरून तपासलं जातं, त्यामुळे सगळंच अडलं. तारीख हाताने बदलली आणि दोन मिनिटांत हरिपाठ सुरू झाला. आता नणंदेशी रोज संध्याकाळी गूगल मीटवर बोलणं होतं, त्याला नंबर लागत नाही, नुसता जीमेल आयडी पुरतो. सासूबाईंना "माझा फोन" म्हणताना बघून फार बरं वाटतं. तुम्ही काय काय करता ते लिहा, आणि जिथे अडलं ते तर नक्की लिहा.

*

आमचा रेडमी नोट ४ आता घरचा रिमोट आहे. त्याच्या डोक्यावर इन्फ्रारेडचा छोटा दिवा आहे, टीव्ही, एसी, सेटटॉप बॉक्स सगळं चालतं. रिमोट हरवला म्हणून होणारी भांडणं बंद.

*

माझा अनुभव जरा मोठा आहे. आजी ८६ वर्षांची, मागच्या पावसाळ्यात बाथरूमच्या दारात पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं. मी आणि बायको दोघं नोकरीला, सांभाळायला मावशी येतात पण दुपारी दोन ते चार आजी एकटी असते. नवीन कॅमेरा घेण्याआधी जुना फोन खिडकीच्या कठड्यावर उभा केला, अल्फ्रेड नावाचं अॅप दोन्ही फोनवर टाकलं, जुना झाला कॅमेरा आणि ऑफिसमध्ये माझ्या फोनवर दिसायला लागलं. आधी आजीला विचारलं हे महत्त्वाचं. तिने अट घातली की कपडे बदलताना त्यावर रुमाल टाकणार, आणि ती खरंच टाकते. एकदा मीटिंगमध्ये असताना मोठा आवाज आला, मी घाबरून अॅपमधून हाक मारली तर म्हणाली, "अरे मी नाही, वाटी पडली."

आता सावधगिरीची गोष्ट. फोन चोवीस तास चार्जरला लावून ठेवला होता. तीनेक महिन्यांनी मागचं कव्हर एका कडेने उचललेलं दिसलं, नख जाईल एवढी फट. बॅटरी फुगली होती. वर ऊन, खाली कायम १०० टक्के चार्ज, लिथियम बॅटरीला हे दोन्ही सोसत नाही. लगेच बंद केला, दाबला नाही, टोचला नाही, दुकानात देऊन बॅटरी बदलून घेतली. आता चार्जर टायमरच्या प्लगवर आहे, सकाळी दोन तास आणि रात्री दोन तास, आणि फोन उन्हातून काढून कपाटावर ठेवलाय. ज्यांचे फोन सतत चार्जिंगला आहेत त्यांनी कृपया कव्हर काढून बघा.

*

मी जिल्हा परिषद शाळेत शिकवतो, सातारा जिल्ह्यात, डोंगरातलं गाव. २०२० ला शाळा बंद झाल्या तेव्हा माझ्या वर्गातल्या निम्म्या घरात स्मार्टफोन नव्हता, आणि होता तो बापासोबत कामावर जायचा. ओळखीपाळखीच्या लोकांकडून जुने फोन मागितले, अकरा मिळाले. त्यातले चार उघडलेच नाहीत. देणाऱ्याने चांगल्या मनाने सगळं पुसून दिलं होतं पण आधी गूगल अकाउंट काढलं नव्हतं, त्यामुळे चालू केला की जुन्या मालकाचा पासवर्ड मागायचा. अँड्रॉइड ५.१ पासून हे चोरीविरुद्धचं कुलूप आहे, चांगलंच आहे, पण दान दिलेला फोन त्यानेच अडतो. एकाने आठवून पासवर्ड सांगितला, तिघांना आठवलाच नाही. तेव्हा हात जोडून सांगतो, फोन कुणालाही देताना आधी सेटिंगमधून अकाउंट काढा आणि मग रिसेट मारा.

बाकीचे आठ मात्र सोन्यासारखे वापरले. पाराजवळ माझ्या फोनचा हॉटस्पॉट लावायचो, पोरं लांब लांब बसून बालभारतीची पुस्तकं उतरवून घ्यायची आणि घरी जाऊन नेटशिवाय वाचायची. गूगलचं रीड अलाँग हे वाचनाचं अॅप पण असंच, एकदा गोष्टी उतरवल्या की मूल मोठ्याने वाचतं आणि ते ऐकून चूक दाखवतं, मराठीत सुद्धा. एक मुलगी चौथीत असून जोडाक्षराला थांबायची, ती धाकट्या भावाला वाचून दाखवायला लागली. त्यातले तीन फोन अजून वर्गात आहेत, स्क्रीनला तडे गेलेत, चालतात.

*

न्यू जर्सीहून लिहितेय. इथे राहणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवा, सिम नसलं तरी अमेरिकेत फोनवरून ९११ हा आणीबाणीचा नंबर लागतो, तसा नियमच आहे. माझ्या तीन वर्षांच्या लेकाला गाणी बघायला जुना फोन दिला होता, त्याने लॉक स्क्रीनवरचं इमर्जन्सीचं बटण दाबलं. तिकडच्या बाईंचा आवाज ऐकून मी धावत गेले, माफी मागितली, त्या शांतपणे म्हणाल्या, असा चुकून लागला तर फोन ठेवून देऊ नका, चुकून लागला असं सांगा, कारण बिनसिमच्या फोनला आम्हाला उलट कॉल करता येत नाही. तेव्हापासून मुलाच्या हातात दिला की मी शेजारीच बसते, कारण एअरप्लेन मोड लावला तरी बऱ्याच फोनवरून ९११ लागतो. आणि फार जुना असेल तर अडीअडचणीला त्याच्या भरवशावर राहू नका, इथलं थ्रीजी २०२२ मध्ये बंद झालंय.

*

यूपीआय चालतं का कुणी विचारायच्या आधीच सांगतो, नाही. अॅप सुरू करताना त्याच फोनमधल्या सिमवरून बँकेला मेसेज जावा लागतो. व्हॉट्सअॅप मात्र चालतं, मुख्य फोनवरून जोडलेलं डिव्हाइस म्हणून स्कॅन करायचं, फक्त मुख्य फोन १४ दिवसांत एकदा तरी उघडायचा नाहीतर जुन्यावरचं लॉगआउट होतं.

आणि रिचार्ज वाचवायला दुसरा नंबर सोडून देणार असाल तर त्याआधी आधार, बँक, गॅस, सगळीकडचा नंबर बदलून घ्या. बंद झालेला नंबर काही महिन्यांनी दुसऱ्या माणसाला मिळतो. माझ्या काकांचे बँकेचे मेसेज कुणा अनोळखी माणसाला जात होते, शाखेत चार चकरा झाल्या.

*

मी बाइकवर लावते. नव्या फोनचा कॅमेरा हँडलच्या थरथरीने बिघडू शकतो, म्हणून जुना. घरच्या वायफायवर नकाशा उतरवून घ्यायचा, जीपीएसला सिम लागत नाही, फक्त सुरुवातीला उघड्या आभाळाखाली दोन-तीन मिनिटं थांबावं लागतं. पुणे ते माळशेज याच्यावर केलंय, घाटात सगळ्यांची रेंज गेली तेव्हा माझाच निळा ठिपका चालत होता. घरात वायफाय दिसत नसेल तर राउटर बघा, बरेच जुने फोन फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय पकडतात, ५ गिगाहर्ट्झवालं नाव त्यांच्या यादीत येतच नाही.

*

धागा काढणारी मीच. आजींच्या फोनबद्दल वाचलं आणि उठून सासूबाईंच्या फोनचं कव्हर काढून बघितलं. सपाट आहे. पण त्या रात्री चार्जिंगला लावून उशीखाली ठेवतात हे आज कळलं. आता चार्जर स्वयंपाकघराच्या ओट्यावर हलवलाय, रात्री नऊला हरिपाठ संपला की फोन तिथे.