पोकर स्पर्धेवर लिहिणाऱ्याने स्वतः खेळावं का?

कोरा_कागद
२००० साली 'हार्पर्स' मासिकाने लेखक जेम्स मॅकमॅनस यांना लास वेगासला वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरवर लिहायला धाडलं. त्यांनी मानधनाची उचल सॅटेलाइटमध्ये, म्हणजे मोठ्या स्पर्धेचा प्रवेश जिंकून देणाऱ्या छोट्या स्पर्धेत लावली, १०,००० डॉलरच्या मुख्य स्पर्धेत जागा मिळवली आणि ५१२ जणांत पाचवे आले. कमाई २,४७,७६० डॉलर. वाचायला रंगतदार आहे, पण बातमीदाराचं काम हे नव्हे. बहुतेक खेळाडू रिकाम्या हाताने परततात. त्यांची हकिगत कोण लिहिणार? खेळणाऱ्याला स्वतःचं टेबल सोडून काही दिसत नाही.

मुक्ता_आ
आणि कठड्याबाहेर उभ्या असलेल्याला काय दिसतं? तो या टेबलवरून त्या टेबलवर धावतो, बहुतेकदा डाव अर्धा झाल्यावर पोहोचतो. कुणी कोणते पत्ते टाकून दिले हे त्याला कधीच कळत नाही, आणि पोकर म्हणजे निम्मं टाकून देणंच. बबलचं बघा. एक-दोघे बाद झाले की उरलेल्यांना बक्षीस नक्की, अशा वेळी सगळी टेबलं डाव बरोबरीने खेळतात. तुमचा डाव संपला तरी शेवटचं टेबल आटपेपर्यंत डीलर पुढचे पत्ते वाटत नाही. चिप्स संपत आलेल्या माणसाच्या हातात राण्यांसारखी भक्कम जोडी येते आणि तीही टाकावीशी वाटते. ती घालमेल बाहेरून कशी टिपणार? शिवाय कसोटी सामन्यात पैसे भरून उतरता येत नाही, इथे येतं. मग का नाही उतरायचं?

कोरा_कागद
कारण खेळ लेखणीला गिळतो. लेखिका मारिया कोनिकोव्हा पोकर शिकल्या त्या पुस्तकासाठी. २०१८ मध्ये बहामाजला एक स्पर्धा जिंकून ८४,६०० डॉलर मिळाले, आणि पुस्तक मागे पडलं. ते आलं २०२० मध्ये.

मुक्ता_आ
आलं ना! दोन वर्षं खेळून नशीब आणि कौशल्य यांतला फरक त्यांना जास्त कळला असणार. आणि हरणाऱ्यांचं म्हणाल, तर कादंबरीकार कोलसन व्हाइटहेड २०११ मध्ये 'ग्रँटलँड' या वेबसाइटच्या पैशांवर मुख्य स्पर्धेत बसले. बक्षिसापर्यंत पोहोचले नाहीत, तरी लिहिलंच.

दादरचा_वाचक
दोघांनाही एक विचारतो. खेळाडू आपापसांत हिस्से बदलतात: तू जिंकलास तर पाच टक्के माझे, मी जिंकलो तर पाच तुझे. लिहिणाऱ्याचा असा हिस्सा कुणात असेल, तर त्या खेळाडूबद्दलचं कौतुक मी कसं वाचायचं? खेळा खुशाल, पण प्रवेशाचे पैसे कुणी भरले आणि हिस्सा कुणाकुणात आहे, हे लेखाच्या पहिल्या परिच्छेदात छापा.