फर्मवेअर अद्ययावत केल्यापासून डेबियनचा बूट मेन्यू दिसत नाही, मदत हवी आहे

नमस्कार. माझ्या लॅपटॉपवर विंडोज ११ आणि डेबियन १२ (लिनक्स) या दोन कार्यप्रणाली एकाच डिस्कवर आहेत. आजवर संगणक सुरू केला की ग्रब या बूट लोडरचा (कार्यप्रणाली सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमचा) मेन्यू येत असे आणि त्यातून मी हवी ती प्रणाली निवडत असे. चार दिवसांपूर्वी मी लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीने दिलेले फर्मवेअरचे (मदरबोर्डवरील मूळ प्रोग्रॅमचे) नवे अद्ययावत रूप बसवले. ते काम व्यवस्थित पूर्ण झाल्याचा संदेश आला, परंतु त्यानंतर संगणक सुरू झाला तेव्हा ग्रबचा मेन्यू न येता थेट विंडोजचा निळा पडदा आला आणि त्यावर बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलूपाची) ४८ अंकी रिकव्हरी की मागितली गेली. ती की मी कागदावर उतरवून ठेवलेली होती, त्यामुळे विंडोज उघडले. डेबियनकडे जाण्याचा मार्ग मात्र तेव्हापासून बंद झाला आहे.

डिस्कची रचना सांगते, कारण त्याशिवाय कोणालाही नेमके उत्तर देता येणार नाही. ५१२ जीबीची एनव्हीएमई डिस्क आहे आणि तिच्यावर जीपीटी पद्धतीचा पार्टिशन तक्ता आहे. पहिले पार्टिशन २६० एमबीचे, फॅट३२ प्रकारचे, म्हणजे ईएफआय सिस्टिम पार्टिशन आहे. दुसरे १६ एमबीचे, विंडोजने स्वतःसाठी राखून ठेवलेले आहे. तिसऱ्यावर विंडोज आहे आणि ते बिटलॉकरने कुलूपबंद आहे. चौथे विंडोजच्या दुरुस्तीसाठीचे आहे, पाचव्यावर एक्स्ट४ प्रकारात संपूर्ण डेबियन आहे आणि सहावे स्वॅपसाठी आहे. सिक्युअर बूट (केवळ स्वाक्षरी असलेल्या बूट फाइलींनाच चालू देणारी सोय) आधीपासून चालू होते आणि डेबियन ते चालू असतानाच बसवले होते.

आता मी काय काय करून पाहिले ते क्रमाने लिहिते. यातले काही करायला नको होते असे आता वाटते, पण लपवून उपयोग नाही.

प्रथम फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये जाऊन बूटचा क्रम पाहिला. तेथे पूर्वी ‘डेबियन’ आणि ‘विंडोज बूट मॅनेजर’ अशा दोन नोंदी होत्या. आता केवळ विंडोजची उरली आहे. मग सिक्युअर बूट बंद करून पाहिले. त्याने मेन्यू आला नाहीच, उलट बिटलॉकरने पुन्हा की मागितली. त्यानंतर कोठेतरी वाचलेल्या सल्ल्यानुसार लेगसी मोड (जुनी बायोस पद्धत) चालू केला, तेव्हा ‘बूट करण्याजोगे साधन सापडले नाही’ असा संदेश आला. मी घाबरले आणि दोन्ही सेटिंग पूर्ववत केली. विंडोज पुन्हा पहिल्यासारखे सुरू झाले.

दुसऱ्या दिवशी विंडोजच्या दुरुस्ती पडद्यावरून कमांड प्रॉम्प्ट उघडून बूटरेक ही कमांड फिक्स-एमबीआर या पर्यायासह चालवली. काम यशस्वी झाल्याचे उत्तर आले, पण परिस्थितीत काहीही फरक पडला नाही. तीच कमांड फिक्स-बूट या पर्यायासह चालवल्यावर ‘प्रवेश नाकारला’ असे उत्तर आले. तेथे मी थांबले.

लेगसी मोड चालू असताना मी एकदा डेबियनच्या लाइव्ह (डिस्कवर न बसवता चालणाऱ्या) पेनड्राइव्हवरून संगणक सुरू केला होता. त्यातून पाचवे पार्टिशन उघडले, सर्व फाइली जागच्या जागी दिसल्या आणि होम फोल्डरची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेऊन ठेवली आहे. त्या पार्टिशनवर माझ्या प्रबंधाचे तीन वर्षांचे काम आहे, त्यामुळे ही प्रत पूर्ण होईपर्यंत मी श्वास रोखूनच बसले होते. त्या प्रतीच्या आधारे डेबियन नव्याने बसवता येईल हे मला ठाऊक आहे. परंतु माझी सर्व साधने, त्यांच्या विशिष्ट आवृत्त्या आणि जुळवाजुळव पुन्हा करण्यात कित्येक दिवस जातील, म्हणून शक्य असेल तर तसे करणे टाळायचे आहे.

माझे प्रश्न असे आहेत. ग्रब खरोखरच पुसले गेले आहे, की केवळ त्याची नोंद गेली आहे, आणि हे काहीही न बदलता कसे तपासता येईल? फिक्स-एमबीआर चालवल्याने मी जास्तीचे नुकसान केले आहे का? आणि दुरुस्ती करताना बिटलॉकर पुन्हा पुन्हा की मागणार नाही यासाठी काय खबरदारी घ्यावी?

पहिले उत्तर

नमस्कार. आपण लक्षणे इतक्या नेमकेपणाने लिहिली आहेत की निदान बहुतांशी आपल्या वर्णनातच आहे. ग्रब जागेवर असण्याची शक्यता फार मोठी आहे. गेली आहे ती फर्मवेअरच्या स्मृतीतील नोंद.

यूईएफआय या फर्मवेअरच्या आधुनिक पद्धतीत बूट लोडर ही ईएफआय पार्टिशनवरील एक साधी फाइल असते. विंडोजची फाइल ईएफआय फोल्डरमधील मायक्रोसॉफ्ट या उपफोल्डरात असते, तर डेबियनच्या उपफोल्डरात शिम आणि ग्रब अशा दोन फाइली असतात. सिक्युअर बूट चालू असताना फर्मवेअर प्रथम शिम तपासून चालवते आणि शिम पुढे ग्रब चालवते. कोणत्या पार्टिशनवरील कोणती फाइल चालवायची आणि कोणत्या क्रमाने, हे मात्र डिस्कवर नसते. ते मदरबोर्डवरील एनव्हीरॅममध्ये लिहिलेले असते. फर्मवेअर अद्ययावत करताना ही स्मृती अनेकदा कोरी होते. नोंदी गेल्या की फर्मवेअर ठरावीक मार्गांवर शोध घेते. त्यांपैकी ईएफआय फोल्डरातील बूट या उपफोल्डराच्या फॉलबॅक मार्गावर विंडोज बसवताना त्याच्या बूट लोडरची एक प्रत सहसा ठेवली जाते. म्हणून विंडोज आपोआप सापडले आणि डेबियन सापडले नाही.

फिक्स-एमबीआरची काळजी सोडून द्यावी. ती कमांड डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटच्या सेक्टरमधील बूट कोड बदलते, पार्टिशन तक्त्याला हात लावत नाही. यूईएफआय पद्धतीने सुरू होणारा संगणक तो कोड चालवतच नाही, त्यामुळे त्या कमांडने लाभही झाला नाही आणि हानीही नाही. जुन्या बायोस पद्धतीच्या संगणकांसाठीचे हे उपाय आजही सरसकट सुचवले जातात याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण त्यात माणसाचा वेळ आणि धीर दोन्ही खर्च होतात.

आता तपासणी. प्रथम विंडोजमध्ये जाऊन बिटलॉकर तात्पुरते स्थगित करावे. ते काढून टाकण्याची किंवा डिस्क डिक्रिप्ट करण्याची गरज नाही. मग लेगसी मोड बंद आणि सिक्युअर बूट चालू ठेवूनच लाइव्ह पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करावा. मागच्या वेळी आपण तो लेगसी मोडमध्ये सुरू केला होता, आणि त्या अवस्थेत एनव्हीरॅममधील नोंदी वाचताही येत नाहीत व लिहिताही येत नाहीत. सिस या फोल्डराखालच्या फर्मवेअरमध्ये ईएफआय नावाचा फोल्डर दिसला, तर आपण योग्य मोडमध्ये आहात असे समजावे. मग पहिले पार्टिशन केवळ वाचण्यासाठी माउंट करून डेबियनच्या फोल्डरात शिम आणि ग्रब यांच्या फाइली आहेत का ते पाहावे. येथपर्यंत डिस्कवर काहीच लिहिले जात नाही.

फाइली असतील तर मी स्वतः क्रूट करून (लाइव्ह प्रणालीतून बसवलेल्या डेबियनमध्ये शिरून) ग्रब नव्याने बसवण्याच्या वाटेला जाणार नाही, कारण जे मोडलेले नाही ते पुन्हा बसवताना नवीन चुका होतात. त्याऐवजी पेनड्राइव्हचा ग्रब मेन्यू समोर असताना ‘सी’ ही कळ दाबावी. ग्रबची कमांड ओळ उघडेल. तेथे एलएस ही कमांड डिस्क आणि पार्टिशन दाखवते. पेनड्राइव्ह बहुधा शून्य क्रमांकाची डिस्क असते आणि आतली डिस्क एक क्रमांकाची, पण ते गृहीत न धरता पाचव्या जीपीटी पार्टिशनमध्ये बूट फोल्डर दिसतो का ते पाहून खात्री करावी. मग कॉन्फिगफाइल ही कमांड देऊन तिच्यापुढे त्या पार्टिशनवरील ग्रबच्या कॉन्फिग फाइलचा पूर्ण मार्ग लिहावा. आपला नेहमीचा मेन्यू समोर येईल आणि त्यातून आपले स्वतःचे डेबियन सुरू होईल, लाइव्ह नव्हे.

एकदा स्वतःच्या डेबियनमध्ये पोहोचलात की ईएफआय-बूट-एमजीआर या कमांडने नवी नोंद तयार करावी. तिला चार गोष्टी सांगाव्या लागतात: डिस्क, पार्टिशनचा क्रमांक म्हणजे आपल्या बाबतीत एक, नोंदीचे नाव आणि फाइलचा मार्ग. मार्गात शिमची फाइल द्यावी, ग्रबची नव्हे. सिक्युअर बूट चालू असताना थेट ग्रबची फाइल दिल्यास फर्मवेअर ती नाकारते. मार्गातील तिरप्या रेघा उलट्या दिशेच्या असतात, म्हणून संपूर्ण मार्ग एकेरी अवतरणचिन्हांत ठेवावा. नाहीतर शेल त्या रेघा गिळून टाकते आणि नोंद तयार होऊनही चालत नाही.

फोल्डरात फाइली नसल्या तर मात्र सांगावे. ती वाट वेगळी आहे.

प्रश्नकर्तीचे उत्तर

आपले मनःपूर्वक आभार. फाइली जागेवर होत्या. कॉन्फिगफाइलच्या मार्गाने माझा स्वतःचा मेन्यू समोर आला तेव्हा झालेला आनंद शब्दांत सांगता येणार नाही. आतली डिस्क माझ्याकडेही एक क्रमांकाचीच निघाली. नोंद तयार केली, पेनड्राइव्ह काढून तीन वेळा संगणक सुरू केला आणि तिन्ही वेळा डेबियन व्यवस्थित उघडले.

दोन अडचणी उरल्या आहेत. पहिली, ग्रबच्या मेन्यूत आता विंडोजची ओळ नाही. कदाचित मी डेबियनमध्ये पोहोचल्यावर उत्साहाच्या भरात अपडेट-ग्रब ही कमांडही चालवली, त्याचा हा परिणाम असावा. दुसरी, फर्मवेअरच्या मेन्यूतून विंडोज उघडून बंद केले की पुढच्या वेळी क्रमात विंडोज पहिले येते आणि डेबियन दुसरे जाते. नोंद पुसली जात नाही, केवळ क्रम बदलतो.

दुसरे उत्तर

नमस्कार. पहिल्या अडचणीबाबत आपला अंदाज बरोबर आहे. ग्रबच्या २.०६ या आवृत्तीपासून इतर प्रणाली शोधणारी ओएस-प्रोबरची सोय सुरक्षेच्या कारणास्तव मुळातच बंद ठेवलेली असते, आणि अपडेट-ग्रब चालवल्यावर मेन्यू नव्याने लिहिला जाताना जुनी ओळ निघून जाते. इटीसी फोल्डराखालच्या डिफॉल्टमध्ये ग्रब नावाची फाइल आहे. तीत ओएस-प्रोबर बंद ठेवण्याविषयीची ओळ ‘फॉल्स’ अशी करून, ओएस-प्रोबरचे पॅकेज बसलेले आहे याची खात्री करून, पुन्हा अपडेट-ग्रब चालवावे. विंडोजचे पार्टिशन कुलूपबंद असल्याने येथे अडथळा येत नाही, कारण विंडोजचा बूट लोडर ईएफआय पार्टिशनवर सापडतो.

तरीही ती ओळ वापरण्यापूर्वी एक विचार करावा. बिटलॉकरची किल्ली टीपीएम या सुरक्षा चिपमध्ये असते आणि संगणक कोणत्या साखळीने सुरू झाला याची मोजमापे जुळली तरच टीपीएम ती देतो. शिम आणि ग्रब यांच्यामार्फत विंडोज सुरू केल्यास ती साखळी बदलते आणि ४८ अंकी की मागितली जाऊ शकते. माझ्या मते बिटलॉकर असलेल्या संगणकावर विंडोज फर्मवेअरच्या बूट मेन्यूतूनच उघडणे अधिक शहाणपणाचे आहे.

क्रम बदलण्यावर प्रथम विंडोजमधूनच उपाय करून पाहावा. प्रशासकाच्या अधिकाराने कमांड प्रॉम्प्ट उघडून बीसीडी-एडिटला फर्मवेअरच्या नोंदी दाखवायला सांगावे, त्यांतील डेबियनचा ओळखक्रमांक टिपून घ्यावा आणि तो फर्मवेअर बूट मॅनेजरच्या क्रमात सर्वांत आधी घालावा. काही संगणक तेवढ्यावरही ऐकत नाहीत. तसे झाल्यास डेबियनमध्ये ग्रब-ईएफआय-एएमडी६४ या पॅकेजची फेरजुळणी करावी. त्यात फॉलबॅक मार्गावरही ग्रब ठेवायचे का असा प्रश्न येतो, त्याला होकार द्यावा. मायक्रोसॉफ्टच्या फोल्डरातील विंडोजची फाइल हटवून तेथे त्याच नावाने शिम ठेवण्याचा सल्ला आपल्याला कोणी देईल, तो कृपया मानू नये. विंडोजच्या अद्यतनात ती फाइल पुन्हा लिहिली जाऊ शकते आणि तोपर्यंत विंडोजचीच वाट अडलेली राहते.

प्रश्नकर्तीचे उत्तर

बीसीडी-एडिटच्या उपायाने क्रम स्थिर झाला आहे. विंडोज पाच वेळा उघडून बंद केले आणि प्रत्येक वेळी पुढे ग्रबच आले. ओएस-प्रोबर चालू करून एकदा ग्रबमधून विंडोज उघडून पाहिले, आणि आपण सांगितल्याप्रमाणे रिकव्हरी की मागितली गेली. म्हणून ती ओळ पुन्हा काढून टाकली आहे आणि विंडोजसाठी फर्मवेअरचा मेन्यूच वापरणार आहे. स्थगित ठेवलेले बिटलॉकर मी या चाचणीआधीच पुन्हा चालू केले होते; शेवटी दोन्ही प्रणाली एकेकदा सुरू करून पाहिल्या आणि की कोठेही मागितली गेली नाही. ईएफआय पार्टिशनमधील सर्व फाइलींची प्रत आणि ईएफआय-बूट-एमजीआरने दाखवलेल्या नोंदींची यादी आता प्रबंधाच्या प्रतीसोबत बाहेरच्या डिस्कवर ठेवली आहे. फर्मवेअरचे पुढचे अद्यतन येईल तेव्हा बिटलॉकर आधी स्थगित करूनच ते बसवेन. माझा प्रश्न सुटला आहे.